क्रास्नोदार १७ वर्षांत चॅम्पियन झाला खरा, पण वर्षं मोजायची कुठून?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट समजलाय का ते तुम्हालाही कळेल. एफसी क्रास्नोदार हा रशियन क्लब २००८ मध्ये निघाला आणि २०२५ मध्ये रशियाचा चॅम्पियन झाला. पाठीशी एकच गडगंज मालक. वाटेत दोनदा वरच्या विभागात चढला, आणि दोन्ही वेळेला तक्त्यात पहिला-दुसरा नव्हता. तर याला क्लबचा इतिहास म्हणायचं की नुसती खरेदी, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटच्या ओळीत हळूच टाकलंय की तुमच्या गावातले एक कारखानदार क्लब काढायचं म्हणतायत, त्यांना हे उदाहरण दाखवावं का?

मी २२ वर्षं पोरांना फुटबॉल शिकवतोय. त्यातली ९ वर्षं एका निवासी अकादमीत गेली. त्यामुळे माझं उत्तर प्रशिक्षकाच्या चष्म्यातून असणार. चषक किती आले यापेक्षा संघातला गोलकीपर १२ वर्षांचा असताना कुठे होता, हे मी आधी बघतो. क्रास्नोदारकडे माझं लक्ष गेलं तेही असंच.

पैशाचं आधी बोलून टाकू, कारण तो होताच आणि भरपूर होता. सर्गेई गालित्स्की हा क्रास्नोदारमधल्या मॅग्नित या किराणा दुकानांच्या साखळीचा संस्थापक. रशियाच्या गावोगावी, पेट्रोल पंपासारखी जिथे तिथे दिसणारी ही दुकानं. २२ फेब्रुवारी २००८ रोजी त्यानं क्लब काढला. शहर दक्षिण रशियातलं, कुबान नदीकाठचं, आजूबाजूला गव्हाची आणि सूर्यफुलाची शेतं. आणि महत्त्वाचं म्हणजे या शहरात व्यावसायिक क्लब आधीपासून होता: कुबान, स्थापना १९२८.

इथे पहिला खरा प्रश्न पडतो आणि तो तुमच्या कारखानदारांनाही पडायला हवा. घरात ८० वर्षांचा जुना क्लब असताना नवा का काढायचा? जुन्याला नाव असतं, चाहते असतात, मैदान असतं. पण जुन्या क्लबबरोबर जुनी देणी येतात, जुनी माणसं येतात आणि 'यंदा काय?' हा प्रश्न दर शनिवारी येतो. कुबान हा प्रांत सरकारच्या आधारावर आणि बदलत्या आश्रयदात्यांवर चालणारा क्लब. माझा स्वतःचा अनुभव सांगतो. जुन्या संस्थेत मुलांचा विभाग सुरू करायचा म्हटलं की पहिल्या बैठकीत सगळे माना डोलावतात. चौथ्या बैठकीत सीनियर संघाला एक स्ट्रायकर कमी पडतो आणि मुलांच्या बुटांचे पैसे तिकडे जातात. मी हे एकदा नाही, तीनदा बघितलंय. गालित्स्कीच्या मनात काय होतं हे त्याचं त्याला ठाऊक, पण माझ्या धंद्यातल्या माणसाला कोरी पाटी घेण्याचं कारण पटकन पटतं.

कोऱ्या पाटीची किंमतही असते. आमच्या कोल्हापुरात पेठेचा संघ सोडून नव्या संघाच्या मागे जा म्हटलं तर लोक जेवायला वाढायचे नाहीत. क्रास्नोदारमध्येही ज्यांचे आजोबा कुबानचे होते त्यांना हे नवं प्रकरण म्हणजे शेठजींचा छंद वाटणं साहजिक होतं. त्यात दोघांचं मैदानही एकच. २०१६ पर्यंत नवा क्लब जुन्या कुबान स्टेडियमवरच भाडेकरूसारखा खेळत होता.

आता त्या दोन बढत्या. तुम्ही त्यांना 'मागच्या दाराने' म्हटलंय. २००८ मध्ये तिसऱ्या पातळीच्या दक्षिण गटात संघ तिसरा आला आणि वर गेला, कारण वरच्या विभागात जागा रिकाम्या झाल्या होत्या. २०१० मध्ये दुसऱ्या पातळीवर पाचवा आला आणि २०११ च्या हंगामासाठी थेट रशियाच्या सर्वांत वरच्या विभागात, प्रीमियर लीगमध्ये पोचला. मॉस्कोजवळच्या रामेन्स्कोयेचा सातुर्न हा क्लब कर्जापायी बंद पडला होता. त्याच्या जागेवर हक्क सांगायला निझनी नोवगोरोद आणि कामाझ हे वरच्या क्रमांकाचे संघ पुढे आले नाहीत. थोडक्यात, हे रांगेत पाचवे होते, पण पुढच्यांच्या खिशात तिकिटाचे पैसे नव्हते.

नशीब म्हणायचं तर म्हणा. पण नशीब कशातून आलं तेही बघा. आदल्याच वर्षी, २०१० मध्ये, एफसी मॉस्को हा क्लबही प्रायोजकानं हात काढून घेतल्यावर लीगमधून गेला होता. रशियात बहुतेक क्लब कुणा तरी मोठ्याच्या आधारावर उभे असतात: झेनितमागे गाझप्रोम, लोकोमोटिवमागे रेल्वे, बाकीच्यांमागे प्रांताचा गव्हर्नर. आधार हलला की भिंत पडते. पुढेही हे चालूच राहिलं. तोस्नो या छोट्या क्लबनं २०१८ च्या मे महिन्यात रशियन कप जिंकला आणि पुढच्याच महिन्यात क्लब बंद झाला! पर्मचा अमकारही त्याच उन्हाळ्यात गेला. असल्या वातावरणात ज्याचे पगार वेळेवर होतात आणि ज्याचे कागद पूर्ण असतात, त्याच्या वाट्याला रिकाम्या जागा येतातच. मी याला अर्धं नशीब आणि अर्धा हिशेब म्हणेन.

फक्त पैशानं काय होतं हे बघायचं असेल तर लांब जायला नको. त्याच दक्षिण रशियात, क्रास्नोदार प्रीमियर लीगमध्ये आला त्याच वर्षी दुसरा प्रयोग चालू होता. दागेस्तानातल्या माखाचकालाचा आन्झी क्लब जानेवारी २०११ मध्ये अब्जाधीश सुलेमान केरिमोवनं घेतला. आधी रोबेर्तो कार्लोस आला, मग ऑगस्टमध्ये सॅम्युएल एटो, पुढच्या वर्षी प्रशिक्षक म्हणून गुस हिडिंक. संघ राहायचा आणि सराव करायचा मॉस्कोत, आणि घरचा सामना असला की विमानानं माखाचकालाला जायचा! ऑगस्ट २०१३ मध्ये मालकानं खर्चाला कात्री लावली. काही आठवड्यांत निम्मा संघ विकला गेला आणि त्याच हंगामाच्या शेवटी आन्झी खाली घसरला. २०२२ मध्ये तो क्लब उरलाही नाही.

दोघांकडे पैसा होता. आन्झीचा पैसा तयार खेळाडूंच्या पगारात गेला, तो महिन्याच्या महिन्याला संपतो. क्रास्नोदारचा बराचसा पैसा जमिनीत, हॉस्टेलात आणि ८-९ वर्षांच्या पोरांत गेला. पहिल्या प्रकारच्या पैशानं पुढच्या शनिवारी फरक दिसतो. दुसऱ्या प्रकारच्या पैशानं १० वर्षं काहीच दिसत नाही, आणि त्या १० वर्षांत मालकाला कुणीतरी रोज सांगत असतं की शेठ, तुम्हाला लुटतायत.

मुख्य संघाची चढण मी भरभर सांगतो, कारण ती कुठेही वाचायला मिळेल. रशियानं २०११-१२ मध्ये आपला हंगाम शरद ते वसंत असा बदलला, म्हणून तो पहिला मोसम दीड वर्ष लांबला. त्यात क्रास्नोदार नववा, पुढच्या वर्षी दहावा. ओलेग कोनोनोव प्रशिक्षक झाल्यावर २०१३-१४ मध्ये पाचवा, आणि कपच्या अंतिम सामन्यात रोस्तोवकडून पेनल्टीवर हार. २०१४-१५ मध्ये तिसरा. युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेत पहिल्याच वर्षी रेआल सोसिएदादला घरी ३-० हरवून गटात गेला. २०१५ मध्ये बोरुसिया डॉर्टमुंडला १-० हरवलं आणि गटात पहिला आला. फ्योदोर स्मोलोव या क्लबकडून खेळताना सलग दोन हंगाम लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. हा सगळा संघ मुख्यतः विकत घेतलेला होता, हे मोकळेपणानं मान्य करतो. ब्राझिलियन होते, स्वीडिश ग्रानक्विस्ट होता, उझबेक अहमेदोव होता. तुमचा 'खरेदी' हा शब्द या टप्प्याला बऱ्यापैकी लागू पडतो.

पण हा संघ खेळत होता तेव्हा मागे काय शिजत होतं, ते बघायला हवं.

अकादमी क्लबबरोबरच सुरू झाली. पहिला संघ तिसऱ्या पातळीवर असताना अकादमीची बांधणी चालू होती. बाहेरगावच्या पोरांना राहायची सोय, तिथेच शाळा, आणि प्रांतातल्या छोट्या गावांतून शाखा. गालित्स्कीनं जाहीरपणे सांगितलेलं स्वप्न म्हणजे एक दिवस मैदानावर ११ च्या ११ खेळाडू आपल्या अकादमीतले असावेत. हे ऐकून मीही हसलो होतो, कारण जगात कुठल्याही मोठ्या क्लबला ते सहज जमत नाही. सगळ्या अकादम्यांत एका बॅचमधून एखादा टिकला तरी प्रशिक्षक पेढे वाटतो.

आता जन्मतारखा काढा. ही माझी जुनी सवय आहे आणि कुठल्याही क्लबचा इतिहास वाचताना तुम्हीही करून बघा. गोलकीपर मात्वेई साफोनोव, जन्म १९९९. विंगर मागोमेद-शापी सुलेमानोव, जन्म १९९९. स्ट्रायकर इवान इग्नात्येव, जन्म १९९९. मिडफिल्डर एदुआर्द स्पेर्त्स्यान, जन्म २०००. क्लब निघाला तेव्हा हे ७ ते ९ वर्षांचे होते. म्हणजे यांच्या आणि क्लबच्या वाढीला एकच कॅलेंडर लागू होतं. यांना घाईनं २०११ मध्ये मैदानावर आणता आलं नसतं, पैसे दुप्पट टाकले असते तरी नाही. बारावीचा पेपर आठवीत देता येत नाही, तसंच हे. पहिली फळी मुख्य संघात दिसू लागली ती २०१७ च्या आसपास. म्हणून मी म्हणतो की क्रास्नोदारची वर्षं २००८ पासून मोजली तर १७ होतात, पण संघ म्हणून तो तयार व्हायला २०१७ उजाडलं. त्याआधीचा काळ म्हणजे पोरं मोठी होईपर्यंत दुकान उघडं ठेवण्याचा होता.

इथे एक रात्र सांगतो. १४ मार्च २०१९, युरोपा लीग, बाद फेरी, क्रास्नोदारमध्ये व्हॅलेन्सियाविरुद्धचा परतीचा सामना. पहिला सामना व्हॅलेन्सियानं २-१ जिंकलेला. तेव्हा मी त्या निवासी अकादमीत होतो आणि १५-१६ वर्षांची ६ पोरं माझ्या खोलीत एका फोनभोवती कोंडाळं करून बसली होती. हॉस्टेलचा नियम मोडून, हे इथे कबूल करतो. ८५व्या मिनिटाला सुलेमानोव उजवीकडून आत आला आणि डाव्या पायानं गोल केला. १-०. दोन्ही सामने मिळून २-२, आणि बरोबरी झाली तर बाहेरच्या मैदानावरचा गोल वरचढ धरण्याच्या तेव्हाच्या नियमानं क्रास्नोदार पुढे जाणार. आमची पोरं कॉटवर नाचायला लागली, कारण मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की हा १९ वर्षांचा पोरगा तुमच्यासारख्याच हॉस्टेलात वाढलाय. आणि ९०+३ ला व्हॅलेन्सियाच्या गेदेसनं बरोबरी केली. खेळ खलास. खोलीत इतकी शांतता की वॉर्डन आला ते कुणाला कळलंच नाही.

त्याच सुलेमानोवनं ऑगस्टमध्ये पोर्तोच्या मैदानावर, चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यात, २ गोल केले. घरी ०-१ हरून गेलेला क्रास्नोदार तिथे पहिल्या ३५ मिनिटांत ३-० वर होता. सामना ३-२ संपला, पोर्तो बाहेर.

आता त्या १९९९ च्या तिघांचं पुढे काय झालं? साफोनोव २०२४ मध्ये सुमारे २ कोटी युरोंना पॅरिस सेंट-जर्मेनला गेला. इग्नात्येव २०२० च्या जानेवारीतच कझानच्या रुबिनला गेला. सुलेमानोव इस्राएल, सायप्रस करत अमेरिकेत पोचला. चांगले खेळाडू आहेत, पोट भरतंय, पण त्या रात्री आम्हाला वाटलं होतं तेवढी उडी नाही झाली. जो गोल करून टीव्हीवर आला तो नव्हे, तर गोलपोस्टमध्ये गप्प उभा राहिलेला सगळ्यांत पुढे गेला. अकादमीत कोण पुढे जाईल हे ओळखता येतं असं सांगणारा प्रशिक्षक एक तर नवा असतो, नाही तर फी गोळा करत असतो.

तुमच्या कारखानदारांना दाखवायची खरी गोष्ट यापुढे आहे. साफोनोव गेला २०२४ च्या उन्हाळ्यात. पुढच्याच हंगामात क्रास्नोदार चॅम्पियन झाला. त्या संघाचा गोलकीपर कोण होता? स्तानिस्लाव अगकात्सेव, जन्म २००२, त्याच अकादमीतला. कप्तान कोण? स्पेर्त्स्यान, जो आर्मेनियाकडून आंतरराष्ट्रीय सामने खेळतो. देशातला सर्वांत महागडा गोलकीपर विकला आणि बाजारात न जाता मागच्या फळीवरची बरणी काढली. एखादा गुणी पोरगा निघणं हा योग असतो. एक गेल्यावर त्याच जागी दुसरा तयार असणं याला मी व्यवस्था म्हणतो.

ही व्यवस्था मधल्या पायऱ्यांमुळे जमली. आमच्याकडे सगळ्यांत जास्त गळती होते ती १८ ते २१ या वयात. ज्युनियर संपलेलं असतं, सीनियरमध्ये जागा नसते, मुलगा कंपनीच्या संघात चिकटतो किंवा बूट टांगतो. क्रास्नोदारनं २०१३ मध्ये क्रास्नोदार-२ हा संघ व्यावसायिक लीगच्या तिसऱ्या पातळीवर उतरवला. तो २०१८ मध्ये दुसऱ्या पातळीवर गेला. त्याच्याखाली क्रास्नोदार-३. म्हणजे १९ वर्षांचा पोरगा बाकावर बसून सुजत नाही. दर आठवड्याला पोटासाठी खेळणाऱ्या ३० वर्षांच्या बाप्यांकडून लाथा खातो. शिकवून न शिकणाऱ्या गोष्टी तिथे शिकतो.

प्रशिक्षकही त्याच शिडीनं आला. मुराद मुसाएव, जन्म १९८३, अकादमीत पोरांना शिकवणारा माणूस. २०१८ मध्ये त्याच्या हातात मुख्य संघ दिला तेव्हा त्याच्याकडे प्रो लायसन्स, म्हणजे प्रशिक्षकाचा सर्वांत वरचा परवानाही नव्हता, म्हणून कागदावर दुसऱ्याचं नाव लावावं लागलं. लायसन्ससाठी ज्यांनी आयुष्यभर रांगा लावल्यात त्यांनाच यातली मजा कळेल. त्याच्या हाताखालची पोरं त्याच्याबरोबर वर आली. २०१८-१९ आणि २०१९-२० मध्ये संघ तिसरा आला. २०२० मध्ये ग्रीसच्या पाओकला दोन्ही सामन्यांत २-१ हरवून पहिल्यांदा चॅम्पियन्स लीगच्या गटात गेला; चेल्सी, सेविया आणि रेन यांच्या सोबतीनं ५ गुण घेऊन तिसरा आला.

या सगळ्यात सरकारी नियमाचाही हात आहे आणि तो विसरला तर हिशेब चुकेल. रशियन लीगमध्ये परदेशी खेळाडूंवर बंधन आहे. २०१५ पासून काही वर्षं मैदानावर एका वेळी ६ च परदेशी चालत, म्हणजे किमान ५ रशियन लागतच. नंतर २५ जणांच्या यादीत ८ परदेशी असा नियम आला. परिणाम काय, तर बऱ्यापैकी रशियन खेळाडूची किंमत त्याच्या पायांपेक्षा पासपोर्टमुळे वाढते. अशा बाजारात स्वतःच्या घरी खेळाडू पिकवणं हे स्वप्नही असतं आणि धंद्याचं शहाणपणही. दुकानदाराच्या ते लक्षात आलं असणार! तुमच्या जिल्ह्यात असा नियम नाही, तेव्हा हा फायदा तुम्हाला मिळणार नाही.

स्टेडियमबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याशिवाय गोष्ट अपुरी राहते. सुमारे ३५ हजार प्रेक्षकांचं हे स्टेडियम २०१६ मध्ये उघडलं, सगळा खर्च गालित्स्कीचा. बाहेरून फिकट दगडाचं, रोमच्या कलोसियमची आठवण करून देणारं, आत छताखाली गोल फिरणारा अखंड पडदा. पहिला सामना रशिया विरुद्ध कोस्टारिका, ९ ऑक्टोबर २०१६, आणि घरच्या संघानं तो ३-४ गमावला. देशातलं बहुधा सगळ्यांत देखणं स्टेडियम, पण २०१८ च्या वर्ल्ड कपचा एकही सामना तिथे झाला नाही, कारण यजमान शहरांची यादी २०१२ मध्येच ठरली होती आणि तिच्यात क्रास्नोदार नव्हतं. स्पेनचा संघ मात्र मुक्कामाला याच क्लबच्या अकादमीत उतरला होता. पहिल्या सामन्याच्या दोन दिवस आधी प्रशिक्षक लोपेतेगी यांची हकालपट्टी झाली, ती याच शहरात. स्टेडियमला लागून गालित्स्कीनं मोठी बाग केली, २०१७ मध्ये खुली झाली, आणि ती शहरातल्या सगळ्यांची. माझ्या मते 'शेठजींचा छंद' हे नाव पुसायला चषकांपेक्षा त्या बागेनं जास्त मदत केली असेल. संध्याकाळी पोराबाळांना घेऊन लोक जिथे फिरायला जातात, त्या जागेच्या मालकाच्या संघाला शिव्या घालणं जड जातं.

२०१८ मध्ये दोन गोष्टी घडल्या. फेब्रुवारीत गालित्स्कीनं मॅग्नितमधला आपला २९.१ टक्के हिस्सा व्हीटीबी बँकेला १३८ अब्ज रूबलना विकला आणि फुटबॉलकडे लक्ष देणार असं सांगितलं. आणि त्याच वर्षी ९० वर्षांचा कुबान दिवाळखोरीत बंद झाला. पाचच वर्षांपूर्वी हाच कुबान युरोपा लीगच्या गटात व्हॅलेन्सिया आणि स्वॉन्झीशी खेळत होता. मला यात कुणाचा विजय दिसत नाही. ज्या माणसाच्या आजोबांनी कुबानसाठी गळा सुकवला त्याला नवी बाग आणि गोल पडदा देऊन ते भरून येत नाही. नवा क्लब काढणाऱ्यानं हे मनात धरूनच पुढे जावं.

घसरणही झाली. चॅम्पियन्स लीग खेळला त्याच २०२०-२१ च्या हंगामात घरच्या लीगमध्ये दहावा आला. बुधवारी चेल्सी आणि रविवारी लीग, हे पेलायला बाकावरही तोडीचे खेळाडू लागतात. तरुण संघात गुण असतात, पण एकाच वेळी तीन जण दुखावले की मागे कोणी नसतं. मुसाएव गेला. मग आलं २०२२. जर्मन प्रशिक्षक डॅनियल फार्के जानेवारीत नेमला होता. २४ फेब्रुवारीला रशियानं युक्रेनवर आक्रमण केलं, आणि फार्के एकही सामना न घेता मार्चच्या सुरुवातीला निघून गेला. बरेच परदेशी खेळाडूही करार थांबवून गेले. रशियन क्लबांना युरोपीय स्पर्धांतून वगळण्यात आलं. शहराचा विमानतळ आक्रमणाच्या दिवशी बंद झाला तो सप्टेंबर २०२५ पर्यंत. म्हणजे विजेतेपदाचा अख्खा हंगाम या संघानं आपल्या शहरातून विमान न पकडता काढला. एवढ्या मोठ्या देशात दर दुसऱ्या आठवड्याला आधी बस किंवा रेल्वे, मग दुसऱ्या शहरातून विमान! आमची पोरं लाल डब्यातून कोल्हापूर-नागपूर केल्यावर दोन दिवस कशी चालतात ते मला माहीत आहे.

तरीही आक्रमणाच्या त्या २०२१-२२ च्या हंगामात संघ मोडला नाही, चौथा आला. उरलेल्यांत अकादमीची पोरंच जास्त होती, ती जाणार कुठे? मार्च २०२४ मध्ये मुसाएव परतला. शेवटच्या दिवशी दिनामो मॉस्कोला हरवून संघ दुसरा, झेनितपेक्षा फक्त १ गुण मागे. आणि २४ मे २०२५ ला पुन्हा शेवटचा दिवस, पुन्हा दिनामो, या वेळी घरी ३-०. क्रास्नोदार ६७, झेनित ६६. सलग सहा वेळा चॅम्पियन झालेल्या झेनितची मालिका तुटली.

आता माझ्याच बोलण्यावर थोडं पाणी ओततो. त्या संघात पुढे कोलंबियाचा जॉन कोर्दोबा होता, २०२१ मध्ये जर्मनीच्या हेर्थाकडून भरपूर पैसे मोजून घेतलेला. ११ च्या ११ घरचे हे स्वप्न अजून लांब आहे. हे विजेतेपद युरोपची दारं बंद असताना आलं, त्यामुळे हा संघ आज पोर्तोसमोर कुठे उभा राहील हे ताडून बघायला जागाच नाही. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे क्लब अजूनही एका माणसाच्या खिशावर आहे. मी ज्या निवासी अकादमीत होतो तिच्या मालकाचा धंदा एका वर्षात बसला. एप्रिलमध्ये ४२ पोरांना ट्रंका देऊन घरी पाठवलं, त्यातल्या किती जणांनी नंतर बॉलला पाय लावला ते मोजायला मी थांबलो नाही. त्या अकादमीत हिरवळ उत्तम होती, पण जमीन भाड्याची होती. क्रास्नोदारची मैदानं, शाळा आणि स्टेडियम हे क्लबभोवती कायमचं उभं आहे, एवढा फरक मला दिसतो. मालक थकला तर तेवढं पुरेल का, हे तेव्हाच कळेल.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला: २०१५ पर्यंतचा संघ बराचसा खरेदीचा, २०१७ नंतरचा बराचसा घरचा, आणि दोन्हींना जोडणारा पूल म्हणजे १० वर्षं न वैतागलेला मालक. तुमच्या कारखानदारांना उदाहरण दाखवा की नको, हे मला इथून सांगता येणार नाही. ते त्यांच्या वयावर, जागेवर आणि घरच्यांच्या पाठिंब्यावर अवलंबून आहे. पण भेटाल तेव्हा संघ कोणता घ्यायचा, प्रशिक्षक कोण, हे बोलणं बाजूला ठेवा. त्यांना दोनच गोष्टी विचारा: मैदानाचा सातबारा कुणाच्या नावावर आहे, आणि आज गावात ८ ते १० वर्षांची किती पोरं रोज संध्याकाळी खेळायला येतात. उत्तरं मिळाली की मला कळवा, आकड्यांसकट. मग किती पैसे लागतील त्याचा अंदाज बसून काढू.